नव्वद सेकंदांची वाट

मंगळावर उतरून 'स्पिरिट'ला जेमतेम अडीच आठवडे झाले होते. २१ जानेवारी २००४ रोजी 'नासा'ची ही सहा चाकांची गाडी गुसेव्ह विवरातल्या एका खडकाजवळ उभी असताना तिच्याकडून येणारी माहिती अचानक आटली. मधूनच एखादा क्षीण संकेत यायचा, पण त्यात कामाचं काहीच नसायचं. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतून पाठवलेली प्रत्येक आज्ञा तिच्यापर्यंत पोचायलाच सुमारे दहा मिनिटं लागत होती. हळूहळू अभियंत्यांच्या लक्षात आलं, की गाडी मेलेली नाही. तिचा संगणक स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करतो आहे आणि हे चक्र थांबत नाही. साठाहून जास्त वेळा तो असा सुरू झाला. रात्रीची झोपही बंद झाल्यामुळे बॅटरी उतरत चालली होती.

दोष निघाला साठवणुकीत. 'स्पिरिट'च्या पोटात २५६ मेगाबाइटची फ्लॅश मेमरी होती. वीज गेली तरी तिच्यातली माहिती टिकते, म्हणून फोटो, मोजमापं आणि यंत्राच्या तब्येतीच्या नोंदी तिथे ठेवल्या जात. सात महिन्यांच्या अंतराळप्रवासात आणि मंगळावरच्या कामात तिथे हजारो फायली साचल्या होत्या. संगणक सुरू होताना हा साठा उघडायचा, म्हणजे त्यातल्या फायलींची यादी रॅममध्ये मांडायची, अशी व्यवस्था होती. फायली इतक्या वाढल्या, की यादी मांडायला ठरवून दिलेली रॅम पुरेना. साठा उघडेना, म्हणून संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होई. पुन्हा तोच साठा, तीच यादी आणि तीच अपुरी जागा.

अभियंत्यांनी पाठवलेल्या आज्ञेचा अर्थ साधा होता: सुरू हो, पण फ्लॅशचा साठा उघडू नकोस, तूर्त रॅमवरच भागव. गाडी शुद्धीवर आली. मग साठ्यात नेमकं काय आहे ते तपासलं गेलं, नको त्या फायली काढल्या गेल्या आणि फेब्रुवारीत फ्लॅश मेमरी नव्याने फॉरमॅट केली गेली. नव्वद दिवसांच्या कामासाठी पाठवलेली 'स्पिरिट' त्यानंतर मार्च २०१० पर्यंत पृथ्वीशी बोलत राहिली.

बँकेच्या, इस्पितळाच्या किंवा कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये मध्यरात्री जे घडतं, ते याच जातीचं असतं. वीज जाते, यूपीएसही दम टाकतो, वीज परत येते. सर्व्हर सुरू व्हायला लागतो आणि मध्येच थबकतो. एखादी डिस्क 'माउंट' होत नाही, एवढंच पडद्यावर दिसतं. झोपेतून उठवून आणलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो डिस्क गेल्याचा. अनेकदा डिस्क धडधाकट असते. बिघडलेलं असतं ते डिस्क आणि सर्व्हर यांच्यातलं एक लेखी नातं. ते नातं समजून घेतलं, तर दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते. न समजता हात घातला, तर मात्र धडधाकट डिस्कवरची माहितीही जाऊ शकते.

माउंट म्हणजे चढवणं

'माउंट' हा शब्द आज पूर्णपणे सॉफ्टवेअरचा वाटतो, पण त्याचं मूळ हाताने करायच्या कामात आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९च्या सुमारास 'युनिक्स' ही संगणकप्रणाली घडवायला घेतली. त्या काळच्या डिस्क यंत्रातून काढता-घालता येत. 'डेक' कंपनीची 'आरके०५' ही डिस्क घ्या. चौदा इंच व्यासाची तबकडी, भोवती प्लॅस्टिकचं जाड कवच आणि मावणारी माहिती सुमारे अडीच मेगाबाइट. आजच्या फोनवर काढलेला एखादा फोटोही कधी कधी त्यात बसणार नाही. ऑपरेटरने फडताळातून ती तबकडी काढायची, यंत्रात सरकवायची, दार लावायचं, तबकडीने वेग घेईपर्यंत थांबायचं आणि मग संगणकाला सांगायचं, की डिस्क चढवली आहे, आता तिच्यावरची माहिती तुझी समज. ही सांगण्याची आज्ञा म्हणजेच 'माउंट'. १९७१च्या पहिल्या युनिक्समध्येही ती होती.

विंडोज वापरणाऱ्याला सी, डी, ई अशी वेगवेगळी कपाटं दिसतात. युनिक्समध्ये आणि तिच्याच वळणावर १९९१ साली लिनस टोरवाल्ड्‌स यांनी सुरू केलेल्या 'लिनक्स'मध्ये सगळं घर एकच असतं. एका मुळापासून खोल्या फुटत जातात. नवी डिस्क जोडायची तर घरातली एखादी रिकामी खोली निवडून तिच्या दारामागे ती डिस्क आणून लावायची. खोलीचं नाव 'डेटा' असेल, तर तिथून पुढे त्या दारातून आत जाणारा प्रत्येक जण डिस्कवर पोचतो. डिस्क लावलेली नसेल, तर तेच दार उघडल्यावर छोटी रिकामी खोली लागते. दार बाहेरून दोन्ही वेळा सारखंच दिसतं. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

सहा रकान्यांची चिठ्ठी

सर्व्हर सुरू होताना कोणती डिस्क कोणत्या दारामागे लावायची, हे त्याला कोण सांगतं? त्यासाठी एक साधी मजकुराची फाइल असते, 'एफएसटॅब'. १९८०च्या बर्कली युनिक्सपासून ती चालत आली आहे आणि आजही जगभरातले असंख्य लिनक्स सर्व्हर सुरू होताना आधी तीच वाचतात. हल्लीच्या पद्धतीने लिहिलेल्या तिच्या एका ओळीत सहा रकाने असतात.

पहिल्या रकान्यात डिस्कची ओळख. दुसऱ्यात दार, म्हणजे कोणत्या फोल्डरवर चढवायची ते. तिसऱ्यात डिस्कवरची मांडणी कोणत्या पद्धतीची आहे ते. 'ईएक्सटी४' किंवा 'एक्सएफएस' ही त्यातली नेहमीची नावं. चौथ्या रकान्यात अटी: फक्त वाचायची की लिहायचीही, नेटवर्कची वाट पाहायची का, सापडली नाही तर काय करायचं. पाचवा रकाना जुन्या काळच्या बॅकअप पद्धतीसाठी होता. आता तिथे शून्य असतं. सहाव्यात तपासणीचा क्रम: मुख्य डिस्कला एक, बाकीच्यांना दोन आणि तपासायची नसेल तर शून्य. रकान्यांच्या मध्ये मोकळी जागा सोडायची. फोल्डरच्या नावातच मोकळी जागा असेल, तर तिच्या बदल्यात एक खास सांकेतिक अंक लिहावा लागतो. तो विसरला, की सर्व्हर नावाचा दुसरा शब्द पुढच्या रकान्यातला समजतो आणि सगळी ओळ एका घराने सरकते.

ही चिठ्ठी मुख्यतः सर्व्हर सुरू होताना वाचली जाते. चालू सर्व्हरवर कोणी नवी डिस्क हाताने माउंट केली, तर काम लगेच सुरू होतं. चिठ्ठीत तिची नोंद चुकली किंवा राहिली, तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही. सर्व्हर महिनोन्‌महिने, कधी वर्ष-दोन वर्षं बंद होत नाही. पावसाळ्यात केलेली चूक पुढच्या उन्हाळ्यात वीज गेल्यावर उघडी पडते. तोवर चिठ्ठी लिहिणारा नोकरी बदलून गेलेला असतो आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला डिस्क काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालत होती एवढंच माहीत असतं. त्याला वाटतं, बिघाड रात्रीत झाला. खरं तर बिघाड जुना असतो. रात्रीत झालं ते फक्त रीबूट.

लाल तारे आणि इमर्जन्सी मोड

आजच्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर सुरू होण्याचा सगळा क्रम 'सिस्टमडी' नावाचा प्रोग्राम सांभाळतो. लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी तो २०१० मध्ये पुढे आणला. चिठ्ठीतल्या प्रत्येक ओळीचं तो एका कामात रूपांतर करतो आणि त्या कामासाठी लागणारी डिस्क समोर येण्याची वाट पाहतो. वेगळं काही सांगितलं नसेल, तर ही वाट नव्वद सेकंदांची असते. पडद्यावर चौकटी कंसात लाल तारे डावी-उजवीकडे फिरत राहतात, शेजारी डिस्कचं लांबलचक नाव आणि सरकणारे सेकंद. नव्वद संपले आणि डिस्क आली नाही, तर सिस्टमडी पुढचं काम सोडून 'इमर्जन्सी मोड'मध्ये जातो. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड द्या आणि दुरुस्ती करा, असं सांगून थांबतो. वेबसाइट, डेटाबेस, दुरून लॉग-इन करण्याची सोय, यातलं काहीच सुरू झालेलं नसतं.

जुन्या पद्धतीत असं होत नसे. एखादी डिस्क चढली नाही तर तक्रारीची एक ओळ पडद्यावरून सरकून जाई आणि सर्व्हर तसाच पुढे जाई. म्हणूनच एप्रिल २०१५ मध्ये 'डेबियन'च्या आठव्या आवृत्तीने सिस्टमडी स्वीकारला, तेव्हा सोबतच्या माहितीपत्रात खास इशारा द्यावा लागला, की न चढणाऱ्या डिस्कबाबत आता सक्ती जास्त आहे. वर्षानुवर्षं चिठ्ठीत पडून असलेली, प्रत्यक्षात कधीच काढून टाकलेल्या डिस्कची ओळ अपग्रेडनंतर सर्व्हर अडवू शकत होती.

ही सक्ती अनेकांना जाचक वाटली. एका बॅकअपच्या डिस्कसाठी अख्खा सर्व्हर का अडवायचा, हा प्रश्न रास्तच आहे. पण संगणकाच्या बाजूने पाहिलं, तर त्याच्याकडे एक लेखी हुकूम आहे, की ही डिस्क हवीच. ती नाही. तिच्यावर डेटाबेस आहे की जुने फोटो, हे त्याला कळत नाही. डेटाबेस असेल आणि तो तिच्याशिवाय सुरू केला, तर काय अनर्थ होईल हेही त्याला ठाऊक नाही. अशा वेळी थांबून माणसाला बोलावणं हाच सुरक्षित मार्ग आहे. इमर्जन्सी मोडमध्ये थांबलेला सर्व्हर माहितीला हात लावत नाही. त्यामुळे समोरच्या माणसाकडे विचार करायला वेळ असतो. हा वेळ वापरायचा असतो.

चार दुखणी

डिस्क न चढण्याची कारणं पुष्कळ दिसली, तरी ती बहुतेक चार घरांत बसतात.

पहिलं घर नावाच्या गोंधळाचं. लिनक्स डिस्कना 'एसडीए', 'एसडीबी', 'एसडीसी' अशी नावं देतो, पण ती ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने. वर्गात मास्तरांनी मुलाला नावाने न ओळखता 'दुसऱ्या बाकावरचा' म्हणून ओळखावं, तसं हे आहे. बाक बदलला, की ओळख बदलली. नवी डिस्क बसवली, केबल दुसऱ्या खाचेत गेली किंवा एखादी डिस्क जागी व्हायला क्षणभर उशीर झाला, की कालची 'बी' आज 'सी' होते. क्लाउडमध्ये तर आणखी एक गंमत असते. ॲमेझॉनच्या क्लाउडवर 'एसडीएफ' या नावाने जोडलेली डिस्क नव्या धाटणीच्या सर्व्हरच्या आत 'एनव्हीएमई' असं सुरू होणारं नाव घेऊन उभी राहते. क्लाउडच्या पानावरचं नाव पाहून चिठ्ठी लिहिणारा मग तिला शोधतच राहतो.

यावर उपाय म्हणजे हजेरीपटावरचा कायमचा क्रमांक. ईएक्सटी४, एक्सएफएस अशा प्रत्येक मांडणीला, म्हणजे फाइल प्रणालीला, तयार होतानाच १२८ बिटांचा एक 'यूयूआयडी' मिळतो, लिहिताना हायफनसह ३६ अक्षरांचा. डिस्क कोणत्याही खाचेत लावा, तो बदलत नाही. चिठ्ठीच्या पहिल्या रकान्यात हाच लिहावा. मात्र याच्याही दोन खोड्या आहेत. डिस्क पुन्हा फॉरमॅट केली, की क्रमांक नवा होतो आणि चिठ्ठीत जुना राहतो. डिस्कची जशीच्या तशी नक्कल केली, की दोन डिस्कना एकच क्रमांक मिळतो. दोन्ही एकाच सर्व्हरला लावल्या, तर एक चढलेली असताना तोच क्रमांक असलेली दुसरी चढवायला एक्सएफएस सरळ नकार देते. क्लाउडवरच्या स्नॅपशॉटमधून डिस्क बनवणाऱ्यांना हा नकार हटकून भेटतो.

दुसरं घर वेळेचं. डिस्क सर्व्हरच्या पोटात नसून नेटवर्कच्या पलीकडे दुसऱ्या यंत्रात असू शकते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेली 'एनएफएस' ही पद्धत आजही कार्यालयांतून सर्रास वापरात आहे. इथे क्रमाला महत्त्व आहे. नेटवर्क उभं राहण्याआधी डिस्क मागितली, तर ती मिळणार कुठून? नेटवर्कचं कार्ड जागं झालं म्हणजे नेटवर्क चालू झालं असंही नाही. पत्ता मिळेपर्यंत आणि स्विचने वाट मोकळी करेपर्यंत काही सेकंद जातात. वीज गेल्यानंतर सगळंच एकदम सुरू होतं, तेव्हा सर्व्हर दोन मिनिटांत तयार आणि साठवणुकीचं यंत्र अजून उठतंय, अशी गत होते. हाताने माउंट केलं की चढते आणि रीबूटला चढत नाही, अशी तक्रार आली, की जाणकार आधी वेळेवर संशय घेतात. चौथ्या रकान्यात 'नेटडेव्ह' ही अट घातली, की ही डिस्क नेटवर्कची आहे हे सर्व्हरला कळतं आणि तिचा क्रम नेटवर्कनंतर लागतो.

तिसरं घर अर्धवट जुळणीचं. अनेक सर्व्हरवर दोन-चार डिस्क मिळून एक मोठी डिस्क केलेली असते. तिला 'रेड' म्हणतात. कधी त्यावर 'एलव्हीएम' नावाचा आणखी एक थर असतो, कधी माहिती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते. माउंट ही यातली शेवटची पायरी आहे. खालची एखादी पायरी निसटली, तर वरच्या पायरीवर डिस्क नाही एवढंच दिसतं. लिनक्सच्या रेडमध्ये तर नोंदीची फाइल सुरुवातीच्या टप्प्यात सापडली नाही, की शून्य क्रमांकाने बनवलेला संच १२७ क्रमांकाने उभा राहतो. संच शाबूत असतो, फक्त चिठ्ठीतल्या नावाने हाक मारली तर ओ देत नाही.

चौथं घर खऱ्या जखमेचं. लिहिणं चालू असताना वीज गेली, की फाइल प्रणालीतल्या नोंदी अर्ध्यावर राहतात. यासाठीच 'जर्नल'ची सोय आली. बदल करण्याआधी तो वहीत टिपायचा आणि मग करायचा. जर्नल असलेली ईएक्सटी३ ही मांडणी लिनक्सच्या मुख्य प्रवाहात २००१ मध्ये दाखल झाली. वीज गेली तरी पुन्हा चढवताना वही वाचून अर्धवट कामं पुरी केली जातात. जखम त्याहून खोल असेल, तरी ईएक्सटी४ आपल्या मुख्य नोंदीच्या, म्हणजे सुपरब्लॉकच्या, प्रती डिस्कवर ठिकठिकाणी ठेवते. नेहमीच्या मांडणीत पहिली प्रत ३२७६८व्या ब्लॉकवर असते. पहिलं पान फाटलं तरी तिथून वाचायला सुरुवात करता येते.

आधी पाहायचं, मग लिहायचं

इमर्जन्सी मोडच्या काळ्या पडद्यासमोर बसल्यावर काय करायचं? जाणकार माणूस आधी काहीच बदलत नाही. तो तीन प्रश्न विचारतो.

कोणती ओळ अडली? 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा सुरू होण्याच्या वेळेचा सगळा लॉग दाखवते. त्यात लाल ओळी अनेक असू शकतात. एक डिस्क अडली, की तिच्यावर अवलंबून असलेली कामंही अडलेली दिसतात. शोधायची असते ती त्यातली पहिली ओळ.

डिस्क दिसते का? 'एलएसबीएलके' ही आज्ञा यंत्राला दिसणाऱ्या सगळ्या डिस्क, त्यांचे भाग, मांडणी आणि यूयूआयडी झाडासारखे मांडून देते. डिस्क यादीतच नसेल, तर प्रश्न केबल, वीज, नेटवर्क किंवा खालच्या थराचा आहे. यादीत असेल आणि तिच्यापुढे मांडणीचं नावही दिसत असेल, तर ती बहुधा ठीक आहे.

चिठ्ठीत लिहिलेलं आणि समोर दिसणारं जुळतं का? इथे क्रमांक अक्षर अक्षर लावून पाहायचा. ३६ अक्षरांत आठाच्या जागी बी झालेला नजरेतून सहज निसटतो.

चूक सापडली की फाइल उघडून सुधारायची. इथे नवखा माणूस हमखास अडखळतो, कारण जतन करताना फाइल प्रणाली 'रीड-ओन्ली' आहे असं उत्तर मिळू शकतं. या अवस्थेत मुख्य डिस्क कधी कधी फक्त वाचण्यापुरती उघडलेली असते. तिला लिहिण्याची परवानगी देऊन पुन्हा माउंट करावं लागतं. नीट उमगत नसेल, तर ओळ खोडू नये. तिच्या सुरुवातीला '#' हे चिन्ह टाकावं. सर्व्हर ती ओळ वगळतो आणि मूळ मजकूरही हाताशी राहतो. 'स्पिरिट'ला पाठवलेली आज्ञा नेमकी अशीच होती: हा साठा आत्ता बाजूला ठेव, बाकीचं सुरू कर.

दुरुस्तीच्या आज्ञा मात्र जपून. 'एफएससीके' हे तपासणीचं हत्यार चढलेल्या डिस्कवर चालवायचं नसतं. चालू लिखाणात त्याने हात घातला, तर चांगली प्रणाली बिघडते. एक्सएफएसचं दुरुस्तीचं हत्यार वहीत अपुरी कामं दिसली, की आधी डिस्क माउंट करून ती पुरी होऊ द्या असं सांगतं आणि थांबतं. वही पुसून टाकण्याचा एक पर्यायही त्यात आहे. घाईत तोच पहिला वापरला, तर शेवटच्या क्षणांत लिहिलेली माहिती जाते आणि प्रणाली आणखी बिघडू शकते. डिस्कमधून खरखर येत असेल किंवा वाचताना चुका येत असतील, तर दुरुस्तीआधी 'डीडीरेस्क्यू'सारख्या साधनाने तिची पूर्ण नक्कल काढावी आणि प्रयोग त्या नकलेवर करावेत. त्या रात्री नुकसान होऊ शकतं ते यंत्रापेक्षा घाई करणाऱ्या हातांनी.

थांबला नाही, हेच दुखणं

नव्वद सेकंदांच्या सक्तीवर एक लोकप्रिय तोडगा आहे. चौथ्या रकान्यात 'नोफेल' लिहायचं. अर्थ असा, की डिस्क मिळाली तर ठीक, नाही तर पुढे चला. बॅकअपच्या किंवा जुन्या फायलींच्या डिस्कसाठी ही अट योग्यच आहे, आणि क्लाउडवरच्या जादा डिस्कसाठी तर तशी शिफारसही केली जाते. पण तीच अट डेटाबेसच्या डिस्कला लावली, तर न थांबणारा सर्व्हर थांबलेल्या सर्व्हरपेक्षा धोकादायक ठरतो.

दार बाहेरून सारखंच दिसतं, ते इथे आठवावं. डिस्क चढली नाही, तरी 'डेटा' नावाचं फोल्डर जागेवर आहे. प्रोग्राम सुरू होतो, दार उघडतो, आत रिकामी खोली पाहतो. काही प्रोग्राम इथे ओरडतात. काही नवा संसार मांडतात. 'पोस्टग्रेस' या डेटाबेसचं 'डॉकर' या प्रोग्राम चालवण्याच्या साधनासाठीचं अधिकृत पॅकेज माहितीचं फोल्डर रिकामं दिसलं, की नवा कोरा डेटाबेस तयार करतं. पहिल्यांदा बसवणाऱ्याच्या सोयीसाठी ते तसं बनवलं आहे. सकाळी कर्मचारी लॉग-इन करायला जातात, तेव्हा एकही खातं नसतं. किंवा नव्या नोंदी छोट्या मुख्य डिस्कवर साचत जातात आणि दोन दिवसांनी तीच तुडुंब भरते. मग कोणी तरी चूक ओळखून खरी डिस्क चढवतो. जुनी माहिती परत दिसते, पण मधल्या दोन दिवसांच्या नोंदी गायब होतात. त्या पुसलेल्या नसतात. सतरंजीखाली राहिलेल्या कागदांसारख्या त्या चढवलेल्या डिस्कखाली झाकल्या जातात. डिस्क उतरवली, की पुन्हा दिसतात.

यावर तीन साधे बंदोबस्त आहेत. डेटाबेसच्या सेवेलाच सांगून ठेवायचं, की ही डिस्क चढल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. सिस्टमडीत त्यासाठी वेगळी ओळ आहे. दुसरा, डिस्क उतरवलेली असताना मूळ रिकाम्या फोल्डरवर कोणालाही लिहिता येणार नाही असं कुलूप घालायचं. तिसरा, डेटाबेसची माहिती थेट दारात न ठेवता डिस्कवरच्या आतल्या फोल्डरात ठेवायची, म्हणजे डिस्क नसली तर ते आतलं फोल्डरही दिसणार नाही आणि प्रोग्राम बहुधा तिथेच अडेल. पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपुस्तकातही हाच सल्ला आहे.

डिस्क दुसऱ्या यंत्रात

कधी कधी इमर्जन्सी मोडपर्यंतही हात पोचत नाही. क्लाउडवरच्या सर्व्हरला समोर बसायला कीबोर्ड नसतो आणि रूट खात्याला अनेकदा पासवर्डच दिलेला नसतो. तिथे रूढ मार्ग असा: अडलेल्या सर्व्हरची मुख्य डिस्क सोडवायची, एका चालू सर्व्हरला दुय्यम म्हणून जोडायची, तिच्यावरची चिठ्ठी सुधारायची आणि परत मूळ जागी लावायची.

१९ जुलै २०२४ रोजी हा मार्ग जगभर एकाच वेळी चोखाळावा लागला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होता होताच कोसळू लागले. भारतात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोष डिस्क चढण्याचा नव्हता, एका फायलीचा होता; पण ती फाइल काढायला डिस्कपर्यंत पोचणं भाग होतं. क्लाउडवरच्या संगणकांसाठी सुचवलेल्या उपायांत हाच मार्ग होता: डिस्क सोडवा, दुसऱ्या यंत्राला लावा, फाइल काढा, परत जोडा. ज्यांच्या डिस्क विंडोजच्या 'बिटलॉकर'ने कुलूपबंद होत्या, त्यांतल्या अनेकांना आधी ४८ अंकी किल्ली शोधावी लागली. काहींनी त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तो सर्व्हरही त्याच अपडेटने आडवा पडला होता.

या सगळ्यातून सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी थोडी कामं उरतात आणि एकालाही पैसे पडत नाहीत. चिठ्ठीत बदल केला, की त्याच बैठकीत 'फाइंडमाउंट'ची पडताळणी चालवावी. ती ओळींतल्या चुका दाखवते. मग चिठ्ठीतल्या सगळ्या डिस्क एकदम माउंट करण्याची आज्ञा देऊन पाहावं. प्रत्येक ओळीच्या वर '#' टाकून ही डिस्क कशाची, कोणी आणि कधी जोडली, हे एका वाक्यात लिहावं. कुलूपबंद डिस्कच्या किल्ल्यांची प्रत त्या सर्व्हरबाहेर, कागदावरही ठेवावी. वेळेचे आणि अर्धवट जुळणीचे दोष मात्र खऱ्या रीबूटशिवाय दिसत नाहीत.

म्हणून तुमच्या बँकेत, शाळेत, इस्पितळात किंवा छापखान्यात एखादा सर्व्हर असेल, तर तो शेवटचा कधी रीबूट झाला हे उद्याच विचारा. उत्तर वर्षभरापूर्वीचं असेल, तर बॅकअप तपासून, सगळ्यांना आधी सांगून, एखाद्या रविवारी सकाळी तो मुद्दाम रीबूट करा, आणि चिठ्ठी लिहिणारा माणूस त्या वेळी समोर असू द्या.